हवेतला दोडका

सरांना काहीही विचारलं की ते आधी तुमच्याकडे पाहत, मग छताकडे, आणि मग डाव्या हाताची बोटं मोजायला लागत. कधी दोन मोजत, कधी नऊ. मोजून झाली की उत्तर देत. मधेच दुसरं कोणी बोललं तर पुन्हा थांबत आणि पुन्हा मोजत. नव्या माणसाला वाटायचं, हे बहिरे आहेत किंवा विसरभोळे. दोन्ही नव्हते. अमरावतीच्या आमच्या पॉलिटेक्निकात ते वायरलेस नेटवर्किंग शिकवत, आणि वर्गात जे शिकवत ते घरीदारी पाळत, एवढंच.

वायरलेसमध्ये हवा एकच असते आणि बोलणारे पुष्कळ. म्हणून तिथलं प्रत्येक यंत्र बोलायच्या आधी ऐकतं. हवा मोकळी दिसली तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एखादा आकडा धरतं, तेवढं थांबतं, मग बोलतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. हे सगळं पुस्तकात एका पानावर आहे आणि मी ते पान पाठ करून परीक्षेत चांगले मार्क मिळवले होते. सरांनी ते पान अंगात भिनवून घेतलं होतं. "बोलतानी आयकू येत नाही, हे यंत्राले मालूम हाये, मॅडम," ते मला म्हणायचे. "मानसाले कोनी सांगतलंच नाही."

याचा तोटा त्यांना रोज व्हायचा. इतवारा बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, शेवटच्या जुडीसमोर उभे राहून सर बोटं मोजत असत आणि मागून आलेली बाई जुडी पिशवीत टाकून निघून जायची. स्टाफरूममध्ये वेळापत्रकावरून भांडणं पेटत. सगळे एकाच वेळी ओरडत, सर आपले छताकडे पाहत. शेवटी सगळे दमले की सर हळूच एक वाक्य बोलत आणि बहुतेक वेळा त्या वाक्यावर भांडण मिटायचं. आम्हाला ते ऐकावंच लागायचं, कारण तोवर आमच्यात ओरडायची ताकद उरलेली नसे.

दुसरं वेड पावतीचं. वायरलेसमध्ये एखादा निरोप पाठवला म्हणजे तो पोचला असं कोणी धरून चालत नाही. समोरच्यानं 'मिळालं' म्हणायचं, मगच तो पोचला. पावती आली नाही तर तोच निरोप पुन्हा, तसाच्या तसा. सात वेळा पाठवून पाहायचा आणि मग नाद सोडायचा. सरांच्या हजेरीत पोरांनी 'हजर' म्हटलं की सर प्रत्येकाला मान वर करून 'मिळालं' म्हणत. साठ पोरं, साठ वेळा. तासातली दहा मिनिटं त्यातच जायची. पण त्या वर्गात कधी कोणी दुसऱ्याची हजेरी लावली नाही, कारण सर प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून पावती द्यायचे.

घरीही हेच. संध्याकाळी फाटकाशी स्कूटर लावली की सर आवाज देत, "मैं आ गया." आतून त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणत, "मिल गया, मिल गया," आणि मग सर चप्पल काढत. एकदा भाभी कशावरून तरी रुसल्या होत्या आणि मुद्दाम गप्प बसल्या. सरांनी सात वेळा 'मैं आ गया' म्हटलं, एका सुरात, आणि मग ओट्यावर जाऊन बसले. पेपर वाचला. शेजाऱ्यांकडे चहा घेतला. भाभींनी ही हकिकत मला स्वतः सांगितली. "ऐसे आदमी से झगडा भी नहीं कर सकते," त्या म्हणाल्या. "चुप बैठो तो बाहर बैठ जाता है."

त्यांच्या लॅबमध्ये एका ओळीत अकरा स्टुलं होती. त्यातल्या पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या स्टुलावरच्या पोरांनाच बोलायची परवानगी. हवेत चॅनेलं अकरा असली तरी एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच असतात, एक, सहा आणि अकरा. बाकीची शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून बसलेली. ही गोष्ट आमच्या मुलांना मरेपर्यंत विसरता येणार नाही, कारण दुसऱ्या ते पाचव्या स्टुलावर बसून त्यांनी पूर्ण सेमिस्टर तोंड मिटून काढली आहे.

मे महिन्यात अमरावतीत पारा कुठे जातो ते इथल्या माणसाला सांगायला नको. भर मे महिन्यात एका जादा तासाला सर वर्गात शिरले, कूलरच्या शेजारी उभे राहिले आणि पुटपुटल्यासारखं एक व्याख्यान देऊ लागले. कोणाला काही कळेना. मग त्यांनी कूलर बंद केला. त्याच आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "माहा आवाज वाढला का?" त्यांनी विचारलं. "नाही वाढला. गोंगाट कमी झाला. सिग्नल वाढवता येत नसन तं गोंगाट कमी करा." पोरांना ते तत्काळ समजलं. पण सरांनी उरलेला तासही कूलर बंद ठेवूनच घेतला, आणि शेवटी एका पोराला घेरी आली.

ॲक्सेस पॉइंट म्हणजे काय असं कोणी विचारलं तर ते म्हणत, गल्लीतला कुल्फीवाला. एका सेकंदात दहा वेळा आपलं नाव ओरडतो. कोणी ऐको न ऐको, घंटी वाजवत राहतो. ज्याला घ्यायची तो दार उघडून येतो. सिग्नलचे आकडे मायनसमध्ये का, हे मात्र पोरांना कधी कळत नसे. मायनस साठ हे मायनस नव्वदपेक्षा चांगलं कसं? सरांनी शेंदूरजनाघाटच्या एका पोराला उभं केलं. त्याच्या घरी संत्र्याची बाग होती. "तुह्या विहिरीचं पानी किती हातावर हाये?" "सर, पह्यले साठ हातावर होतं. आता नव्वद." "मंग कोनतं चांगलं?" पोरगा म्हणाला, साठ. वर्गात पुन्हा कोणी हा प्रश्न विचारला नाही.

सर मूळचे अकोल्याचे, पिंजाऱ्यांच्या घरातले. वडिलांचं रजया-गाद्यांचं दुकान होतं. लहानपणी सर वडिलांच्या पिंजणाजवळ बसत आणि तारेचा आवाज ऐकत. कापूस ओला असला की तार वेगळी बोलायची. फ्रिक्वेन्सी मी तिथं शिकलो, म्हणायचे. घरात शिकलेले ते पहिले. पण हात मात्र पिंजाऱ्याचा राहिला. कुठेही बसायच्या आधी गादी दोन बोटांत दाबून पाहत आणि शेवटचा कापूस कधी पिंजला ते सांगत. आमच्या संस्थेच्या सचिवांच्या नव्या सोफ्यावर बसताना त्यांनी तो असाच दाबला आणि म्हणाले, "इसमें रुई नहीं, साहब. काथ्या हाये." सचिव तेव्हा कोणा पाहुण्यांना तो सोफा दाखवत होते.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचे जुने विद्यार्थी भेटले की आम्ही कूलर, कुल्फीवाला आणि सोफ्यावर हसतो. मीही या गोष्टी रंगवून सांगते आणि टाळ्या घेते. पण एक गोष्ट मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण तीत माझी शोभा झालेली आहे.

त्या वर्षांत वऱ्हाडात योजनांना तोटा नव्हता. आमच्या जिल्ह्यांची नावं रोज वर्तमानपत्रांत यायची. का यायची ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, पाहणी करायच्या, काहीतरी देऊन जायच्या. अशीच एक योजना आमच्या संस्थेकडे आली. धामणगाव रेल्वे या गावाला टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट पोचलं होतं. तिथून चार किलोमीटरवरच्या एका खेड्यात ते हवेतून न्यायचं. धामणगावात एका दालमिलच्या गच्चीवर एक खांब आणि अँटेना, खेड्यात पंचायतीच्या गच्चीवर दुसरा खांब आणि अँटेना. खाली एका खोलीत कॉम्प्युटर. कापसाचे भाव, सातबारा, डॉक्टरचा सल्ला, पुण्याला कामाला गेलेल्या पोरांशी बोलणं, सगळं त्या खोलीतून. संक्रांतीपर्यंत चाचणी. नीट चाललं तर पुढे कायम.

ती खोली चालवायला वनमालाताईंना घेतलं होतं. तिशीच्या, बारावी शिकलेल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्या वर्षांत कोणाचा नवरा कसा गेला हे कोणी विचारत नसे. सासरी त्या आणि एक मुलगी. भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की आता तिनं पोरीला घेऊन बार्शीटाकळीला माहेरी जावं. ही नोकरी लागली म्हणून त्या गावात पाय रोवून होत्या. नोकरी गेली की माहेरची बस, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून.

जागेची पाहणी मी केली होती. मी अमरावतीची, पण पुण्याला शिकून आलेली, आणि ते कोणाला विसरू देत नसे. श्रावणात दोन्ही गच्च्यांवर चढले. दुर्बिणीतून पाहिलं. सर धामणगावच्या गच्चीवरून दाढीचा आरसा उन्हात धरून चमकवत होते आणि मी इकडून तो कवडसा शोधत होते. मधे सपाट शेतं आणि एक जिनिंग फॅक्टरी, तिचं आवार रिकामं, गवत वाढलेलं. मी हिशेब केला, नकाशा काढला, खाली सही केली. सरांनी तपासून सही केली. दसऱ्याला सगळं सुरू झालं आणि झकास चाललं. गावातल्या म्हाताऱ्या पोरांशी बोलायला रांग लावून बसायच्या.

दिवाळीनंतर ते बंद पडायला लागलं. आधी तासभर, मग दिवसभर. मधेच एखादा दिवस छान चालायचं. गावात बोभाटा झाला. भासरा चावडीवर बसून सांगायचा, "बाईमानसाच्या हाती मशीन देल्यावर दुसरं काय व्हनार?" मी एकदा जाऊन आले. गच्चीवर उभी राहिले, दुर्बिणीतून समोरचा खांब पाहिला. जिनिंगच्या वरून स्वच्छ दिसत होता. केबल बदलली. नेमकं त्या दिवशी चाललं. परत येऊन मी फायलीत लिहिलं, 'चालिकेकडून यंत्राची हाताळणी नीट होत नसावी.' हे वाक्य लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असेल.

मग एक दिवस त्यांचा ऑफिसात फोन आला. कारकुनानं ऐकून घेतलं, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "ते बाई म्हनते, जिनिंगमधी गाठी वाढल्या का मशीन बंद पडते. गाठी गेल्या का चालू होते!" ऑफिसात हशा पिकला. मीही मनसोक्त हसले. वर म्हटलं, "उद्या म्हणेल, एकादशीला बंद पडतं." त्या आठवड्यात सर भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेले होते. आठवड्याच्या शेवटी सचिवांचं पत्र निघालं. एक तारखेपासून केंद्र बंद, चालिकेला कमी केलं आहे, यंत्रं सोमवारी गाडी येऊन घेऊन जाईल.

शनिवारी सर परत आले. मी स्टाफरूममध्ये त्यांना हा किस्सा एकादशीसकट सांगितला. सर हसले नाहीत. त्यांनी बोटं मोजली, बरीच मोजली.

"ते बाई काय बोलली, शब्द न शब्द सांगा."

मी सांगितलं.

"आन तुमी तिले काय सांगतलं?"

"मी? काहीच नाही. फोन कारकुनानं ठेवला."

सर उठले. फळ्यावर दोन टोकांना दोन खांब काढले आणि मधे एक दोडका काढला, टोकांना निमुळता, पोटात फुगलेला. तो दोडका मी स्वतः वर्गात शिकवत होते. हमखास पाच मार्कांना यायचा. दोन अँटेनांमधला सिग्नल सुतळीसारखा सरळ रेषेत जात नाही. त्याला त्या रेषेच्या भोवती जागा लागते, आणि मधोमध सगळ्यात जास्त लागते. चार किलोमीटरला मधल्या ठिकाणी रेषेच्या खाली दोन-तीन मजले मोकळे पाहिजेत. समोरचा खांब डोळ्यांना दिसतो म्हणून सिग्नल पोचतोच असं नाही. सरांनी दोडक्याच्या पोटाखाली एक चौकोन काढला आणि तो खडूनं भरत भरत वर नेला, दोडक्याच्या पोटात घुसेपर्यंत. मग खाली लिहिलं, 'कापूस'.

श्रावणात ते आवार रिकामं होतं. दिवाळीनंतर कापूस येतो, दाबून गाठी होतात, गाठींना लोखंडी पट्ट्या आवळतात आणि आवारात थरावर थर चढतात. वऱ्हाडात जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. मी हिशेबात झाडं धरली होती, घरं धरली होती, जमिनीची गोलाईसुद्धा धरली होती. कापूस धरला नव्हता.

"तुमी पुन्याच्या," सर म्हणाले. "मी तं पिंजाऱ्याचा पोरगा हाये. मले काहून नाही दिसला कापूस?"

रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं आम्ही दोघं धामणगावला निघालो. गाडीत मी सुचवलं की गावात जायची काही गरज नाही, सचिवांना एक नवा अहवाल लिहून देऊ, त्यात 'तांत्रिक कारण' म्हणू. मी अजून कायम झाले नव्हते. मला भीती वाटत होती आणि मी तसं सांगितलं. सरांनी खिडकीबाहेर पाहत बोटं मोजली.

"वर्गात मी दोन पोरं कपाटाच्या दोन बाजूले उभे करतो, तुमी पाहेल हाये. दोघाईले मी आयकू येतो, मी मधी. पन त्याईले एकमेकाचं आयकू येत नाही. तुमी ऑफिसले सांगून राहिल्या, ते बाई ऑफिसले सांगून राहिली. तुमचं तिले नाही, तिचं तुमाले नाही. आन बदनामी गावात झाली, मॅडम, फायलीत नाही झाली. मंग फायलीत लिहून गावाले काय आयकू येनार?"

जिनिंगच्या फाटकाशी एका हमालानं सरांना थराचा हिशेब तोंडी सांगितला. कोणत्या दिवशी किती थर, कोणत्या दिवशी ट्रक लागले. खेड्यात वनमालाताईंच्या हातात त्यांची वही होती. त्यांनी दसऱ्यापासून रोज लिहिलं होतं, चालू किती वाजता, बंद किती वाजता, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'आज ट्रक गेले', 'आज थर वाढला'. गच्चीवर वाळवण घालायला जात तेव्हा त्यांना आवार दिसे. सर त्या वहीची पानं उलटत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग आम्ही अँटेना काढली, एका लांब बांबूला बांधली आणि दोघींनी मिळून तो बांबू गच्चीवर उभा धरला. खालून सर आकडे ओरडून सांगत होते. मायनस अठ्ठ्याऐंशी होतं. चौऱ्याहत्तर झालं. वनमालाताईंनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. बांबू जड होता.

सोमवारी यंत्रं न्यायला गाडी यायच्या आधीच आम्ही पुन्हा गावात पोचलो. पंचायतीपुढे निम्मं गाव जमलं होतं. काही निघून चाललेलं पाहायला माणसं जमतातच. आम्ही रविवारी परतल्यावर भासऱ्यानं खोलीला कुलूप घालून चाबी स्वतःच्या खिशात ठेवली होती. वनमालाताई बायकांच्या मागे उभ्या होत्या, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. भासऱ्यासमोर भावजय तोंड उघडत नाही. लग्न होऊन आल्यापासून एका अंगणात राहून त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं झालं तर मुलीच्या तोंडून सांगत.

सरपंचांनी सरांना बोलायला सांगितलं. सर उभे राहिले, गलका थांबेपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "आमच्या घरी सात पिढ्या कापूस पिंजला. मले कापूस कळाले पायजे होता. सर्वेवर माही सही हाये, आन मले तो कळला नाही. या बाईले कळला. तिनं सांगतलं बी. आमी आयकलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं तुमी बोला."

मला वाटलं होतं ते सगळं आपल्या अंगावर घेतील. मोठी माणसं घेतात. मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. पण सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं. पाहणी माझी होती. हिशेब माझा चुकला. मशीन बंद पडत होतं त्यात ताईंची काही चूक नव्हती. त्यांच्या हाताळणीबद्दल फायलीत मी जे लिहिलं ते न पाहता लिहिलं.

"म्हंजे इची चूक नोयती?" भासऱ्यानं विचारलं.

"नव्हती," मी म्हटलं.

तेव्हा बायकांच्या मागून वनमालाताई बोलल्या. आवाज मोठा नव्हता.

"मॅडम, मी फोन केला तवा तुमी हासल्या. फोन चालूच होता. एकादशीचं बी आयकलं मी."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मला सावरलं नाही, माझ्या वतीनं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी मला वाचवलं असतं तर मी त्यांचे आभार मानले असते आणि जशी होते तशीच राहिले असते. मास्तर म्हणून माझ्यात आज जे काही बरं आहे ते त्या दहा मिनिटांतलं आहे. हे मी सरांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

वनमालाताई पुढे आल्या आणि त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "लिहून द्या," म्हणाल्या. मी त्या दिवसाच्या पानावर लिहिलं, 'चालिकेचे म्हणणे बरोबर होते. पाहणी चुकली.' खाली सही केली. सरांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली. वनमालाताईंनी वही परत घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाचून दाखवलं, सह्यांसकट.

सरपंचांनी विचारलं, मग आता पुढे काय? सर म्हणाले, दोन्हीकडचे खांब पंधरा-पंधरा फुटांनी उंच करायचे, पाइप संस्था देईल. सचिवांना विचारलं नव्हतं. तेवढ्यात आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी परत जायला सांगितलं, तेही विचारलं नव्हतं. याचं पुढे बरंच झालं. सरांना मेमो मिळाला, आणि मला कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. पण तिथे त्या वेळी कोणी उलट विचारलं नाही.

वनमालाताईंनी वही काखेत धरली. डोक्यावरचा पदर तसाच होता. त्या भासऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी जवळ होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"चाबी द्या," त्या म्हणाल्या.

बायकांमध्ये कोणीतरी 'अगं बाई' म्हटलं. भासऱ्यानं सरपंचांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग खिशात हात घातला आणि चाबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी कुलूप उघडलं, आतली खुर्ची उचलून बाहेर आणली, सरांना बसायला दिली आणि मला विचारलं,

"मॅडम, पाइप कवा आनता?"

"बुधवारी," मी म्हटलं.

"किती वाजता?"